दाखला, रफार आणि चार वर्षं : निरीक्षणगृहातून बाहेर पडलेल्या एका मुलाचं प्रकरण

निरीक्षणगृहात आलेल्या प्रत्येक मुलाला चार दिवसांत टोपणनाव मिळतं. याला मिळालं ‘बारक्या’. अंगाने काडी, उंची बेताची. खरं नाव मी सांगणार नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार ते सांगणं गुन्हा आहे, आणि तसं नसतं तरी सांगितलं नसतं. जिल्हा, शाळा, कुटुंबाचे काही तपशीलही गाळले आहेत. घडलेलं मात्र जसं घडलं तसंच मांडते आहे, त्यात माझ्या चुकाही आल्या.

पार्श्वभूमी

जून २०१८. मी एका छोट्या संस्थेमार्फत आठवड्यातून तीन दिवस निरीक्षणगृहात शिकवायला जायचे. लोक अजूनही त्याला रिमांड होम म्हणतात. तिथल्या वर्गात पट कधीच स्थिर नसतो. आज वीस मुलं, परवा बारा, आणि त्या बारातली पाच नवी. त्यामुळे ‘अभ्यासक्रम’ हा शब्द तिथे जरा विनोदीच वाटतो.

बारक्या मोबाइलचोरीच्या प्रकरणात आला. सोबत दोघे होते, त्यातला एक बावीस वर्षांचा. भारतीय दंड संहितेचं कलम ३७९, म्हणजे बाल न्याय कायद्याच्या भाषेत किरकोळ गुन्हा. अशा वेळी मुलाला जामीन देणं हा नियम आणि आत ठेवणं हा अपवाद. पण बाल न्याय मंडळापुढे त्याची आई उभी राहिली आणि म्हणाली, “साहेब, थोडे दिवस ठेवा त्याला आत. बाहेर ती पोरं सोडायची नाहीत.” तो बावीस वर्षांचा एव्हाना जामिनावर सुटलेला होता. बाहेर सोडल्यास मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता, हे कारण बाल न्याय कायद्याच्या कलम १२ मध्येच आहे. मंडळाने त्याला ठेवून घेतलं. तो ३८ दिवस आत राहिला.

तेव्हा मला त्या आईचा राग आला होता. चार घरची धुणीभांडी करणारी बाई मुलाला सरकारच्या गळ्यात मारून मोकळी होते आहे, असं मी चक्क वहीत लिहून ठेवलं आहे. ते पान अजून आहे.

वडील घर सोडून गेलेले. मोठ्या बहिणीचं लग्न झालेलं. बारक्या आठवी पास होऊन नववीत गेला आणि तिथे पहिल्यांदा नापास झाला. आठवीपर्यंत नापास करायचं नाही, हा शिक्षणहक्क कायद्यातला तेव्हाचा नियम. त्या नियमाला दोष देणं सोपं आहे, पण त्याच कायद्यात मुलाचं सतत मूल्यमापन करून मागे पडलेल्याला हात द्यायचा, हेही होतं. तेवढंच कागदावर राहिलं. नववीनंतर तो आधी गॅरेजवर आणि मग पाण्याच्या जारच्या टेम्पोवर कामाला लागला.

जन्मतारीख १ जून. हे आमच्याकडे नेहमीचंच. नाव घालताना दाखला नसला की गुरुजी १ जून टाकून मोकळे होत. निरीक्षणगृहात १ जूनला निम्म्या मुलांचा वाढदिवस असतो. यात हसण्यासारखं एवढंच, कारण वय ठरवताना कायदा आधी शाळेच्या नोंदीकडे पाहतो. एखाद्या मुलाचे सहा-आठ महिने त्या सवयीने इकडचे तिकडे होतात.

अडचण नेमकी काय होती

कागदावरची अडचण : नववी नापास, शाळा सुटलेली, वय सोळा. शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंतच पुरतो, म्हणजे तो दरवाजाही मागे राहिलेला.

खरी अडचण मला तिसऱ्या दिवशी कळली. मी सगळ्यांना एक साधा परिच्छेद वाचायला देते, दुसरीच्या पातळीचा. बारक्या ओळीखाली बोट धरून वाचायला लागला. बोट डोळ्यांच्या पुढे पळत होतं. ‘दुखणं’ला त्याने ‘दुकान’ वाचलं, ‘प्रार्थना’ला ‘परत’. पहिलं अक्षर पाहायचं आणि पुढचा शब्द मनाने घालायचा. सोळा वर्षांचा मुलगा आठ वर्षं शाळेत बसून अंदाजाने वाचत होता, आणि इतक्या सफाईने की कोणाच्या लक्षात आलं नसावं.

याच्या उलट हिशोब. जारचं गिऱ्हाईक चाळीसच्या वर, कोणाचे किती जार, कोणाचे रिकामे परत आले, कोणाची बाकी किती, सगळं तोंडपाठ. कागदावर काय लिहायचास विचारलं तर त्याने खडूने काढून दाखवलं : गोल, गोलात टिंब, त्रिकोण, दोन रेघा. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक खूण. नावं लिहिता येत नाहीत म्हणून त्याने आपली लिपीच बनवली होती. ते मी पाहिलं, कौतुक केलं आणि विसरून गेले. तिथेच थांबायला हवं होतं.

समोर असलेले पर्याय

जुलैअखेर मंडळाने त्याला आईच्या ताब्यात सोडलं. त्याआधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी, आई आणि मी असे एकदा बसलो.

नियमित शाळेत पुन्हा नववी हा पर्याय बारक्यानेच उडवून लावला : “बारक्या पोरांत बसू?” (हे तो स्वतः म्हणाला, मी हसले नाही.) राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी माझ्या मनात होती. तिथे विषय निवडता येतात, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत जाता येतं. पण त्या बोर्डाचा दाखला ‘खरा’ धरतात का, अशी शंका आईला होती आणि अधिकाऱ्यांनाही. मी ती नीट खोडून काढली नाही. आयटीआयमध्ये दहावी नसतानाही मिळतील असे काही ट्रेड होते, पण त्या वर्षीचे प्रवेश हातातून गेल्यासारखे होते आणि कागदपत्रं शून्य.

राहिला १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या द्यायची. मुदत तोंडावर होती. परिवीक्षा अधिकारी म्हणाले, “फॉर्म भरला की बाल न्याय मंडळापुढे सांगता येतं, शिक्षण चालू आहे.” चुकीचं काही बोलले नाहीत ते. पुढची तारीख जवळ होती, आणि अहवालात ‘दहावीचा फॉर्म भरला’ या एका ओळीला वजन असतं. मीही मान डोलावली. जोडाक्षर न येणारं पोर आठ महिन्यांत दहावीला बसवायचं, हे मी हिशोबात धरलंच नाही असं नाही. धरलं, आणि बाजूला ठेवलं. फॉर्म भरणं हे काम झाल्यासारखं दिसतं. बाराखडीपासून शिकवणं दिसत नाही.

काय केलं

फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. त्यासाठी शाळेत तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला कारकुनाने पुस्तक काढलं आणि पेन उचलून विचारलं, “शाळा सोडण्याचं कारण काय लिहू? सतत गैरहजर?” खाली ‘वर्तणूक’ असा रकाना. तो भरायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं : “कुठे असतो हल्ली? काही ऐकलंय आम्ही.”

हा एक निर्णयाचा क्षण होता, जेमतेम दहा सेकंदांचा. खरं सांगितलं असतं तर कदाचित सहानुभूती मिळाली असती, कदाचित त्या रकान्यात कायमची ओळ बसली असती. सांगायचा अधिकार मला नव्हताच. मी म्हटलं, “आईला मदत करतो. पुढे शिकायचंय म्हणून दाखला हवाय.” कारण ‘पालकांच्या विनंतीवरून’ आणि वर्तणूक ‘चांगली’ असा दाखला मिळाला. त्या कारकुनांचे आभार मी तेव्हा पुरेसे मानले नाहीत.

नोव्हेंबरमध्ये चौकशी संपली. मंडळाने त्याला आईच्या देखरेखीखाली एक वर्षाच्या परिवीक्षेवर सोडलं, शिक्षण चालू ठेवण्याच्या अटीसह. संध्याकाळी सहा ते आठ तो आमच्या केंद्रात यायचा. आम्ही गाईडं आणली, अपेक्षित प्रश्न पाठ करून घेतले. तो यायचा, बसायचा, पाठ करायचा. गणितात मजा यायची. मराठीच्या तासाला त्याला झोप यायची, आणि मी ती जारच्या कामाची दमणूक समजले.

मार्च २०१९ ची दहावी अनेकांच्या लक्षात आहे. नवीन अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष, त्यात भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे वीस गुण काढून टाकलेले. आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्क्यांचा राज्याचा निकाल ७७.१० वर आला. चांगली शाळकरी मुलं आपटली, तिथे आमचा काय पाड लागणार. ८ जूनला निकाल लागला. गणितात पास, बाकी सगळे विषय गेले. मराठीत अकरा गुण.

तो निकाल मी त्याला फोनवर सांगितला. समोर बसून सांगायला हवा होता.

जूनमधला फोन

निकालानंतर तो केंद्रात यायचा थांबला. जारचं कामही सोडलं. दोन आठवड्यांनी रात्री अकराच्या सुमारास फोन आला, आवाज दबका. “ताई, मी त्यांच्यासोबत आहे. गाडी आणलीय कुणाची तरी. मला लक्ष ठेवायला सांगितलंय.”

“निघता येईल?”

“असाच निघालो तर समजतील.”

मी म्हटलं, फोन ठेव, एका मिनिटात मी करते, स्पीकरवर घे. मग फोन लावून मोठ्याने सांगितलं की आईला चक्कर आली आहे, दवाखान्यात नेतो आहोत, असशील तिथून ये. तो निघाला. अर्ध्या तासाने घरी पोचल्याचा मिस्ड कॉल आला.

खोटं बोलल्याचा पश्चात्ताप नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशीचा होता. परिवीक्षा अजून पाच महिने चालू होती. अधिकाऱ्यांना सांगावं, तर मुलाने विश्वासाने केलेला फोन मीच त्याच्याविरुद्ध वापरल्यासारखा होणार, आणि त्याला पुन्हा मंडळापुढे उभं राहावं लागण्याची शक्यता. न सांगावं, तर पुढच्या वेळी फोन येईलच याची खात्री काय? आणि तो पकडला गेला, तर मला माहीत असून मी गप्प बसले होते. संस्थेत दोन मतं पडली. एक सहकारी म्हणाली, तो आता आपल्याकडे वळलाय, हे नातं सांभाळ. दुसरी म्हणाली, नातं कशासाठी, तो तुरुंगाच्या वाटेला लागू नये म्हणूनच ना?

मी सांगायचं ठरवलं. निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं, पण क्रम चुकला. सकाळी दहाला मी थेट अधिकाऱ्यांकडे गेले. दुपारी ते त्याच्या घरी पोचले, आणि बारक्याला माझ्याऐवजी त्यांच्या तोंडून कळलं. त्यांनी प्रकरण समजुतीने घेतलं. मंडळाकडे वाढवून काही पाठवलं नाही, आईशी बोलून मुलाला काही महिने दुसऱ्या तालुक्यात मामाकडे ठेवायचं ठरवलं. पण बारक्याने पुढचे दोन महिने माझा फोन उचलला नाही.

मामाकडे पाठवायला माझा विरोध होता. अभ्यास तुटेल, असं मी तावातावाने मांडलं. कुठला अभ्यास, हे मला कोणी विचारलं नाही म्हणून बरं. आईने मात्र एका वाक्यात सांगितलं, “ताई, ती पोरं इथं आहेत, तिथं नाहीत.” वर्षभरापूर्वी मंडळापुढे ती हेच म्हणाली होती. तेव्हा मला तो हलगर्जीपणा वाटला होता. खरं तर आमच्या सगळ्यांपेक्षा धोक्याचा अंदाज तिला नेमका होता.

दुसरी फेरी

मामाचं इलेक्ट्रिक सामानाचं छोटं दुकान होतं. डिसेंबर २०१९ मध्ये परिवीक्षा संपवून बारक्या परत आला तो स्विच, होल्डर, एमसीबी अशा भाषेत बोलत. पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाला, “मला वायरिंगचं शिकायचंय. पण खोक्यावरचं वाचता येत नाही नीट.”

या वेळी गाईड बाहेर काढलंच नाही. मला ती खडूची लिपी आठवली. म्हटलं, जुनी गिऱ्हाइकं आठवतात? त्रिकोण कोण? “कुलकर्णी, तिसरा मजला.” दोन रेघा? “शर्मा.” गोलात टिंब? “वर्मा.” पाहा, त्याचं अर्धं गिऱ्हाईक रफाराचं होतं, आणि रफारावरच तो आठ वर्षं अडखळत होता. फळ्यावर कुलकर्णी लिहिलं. रफार दिसतो ‘णी’च्या डोक्यावर, पण र म्हणायचा ‘णी’च्या आधी. त्याला हे आवडलं. “म्हणजे पाटी वरच्या मजल्यावर, पण बेल खालच्या दाराची.” यापेक्षा चांगलं मी कुठल्याही प्रशिक्षणात ऐकलेलं नाही. त्या आठवड्यात त्याने चाळीस गिऱ्हाइकांची नावं खुणांसमोर लिहिली. मग सामानाची यादी, मग खोक्यांवरच्या सूचना, मग छोट्या बातम्या. दिवसाला वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. वर्ग व्हॉट्सअॅपवर गेला. मी परिच्छेदाचा फोटो पाठवायचे, तो वाचून आवाजी संदेश पाठवायचा. असे शंभराच्या वर संदेश माझ्याकडे आहेत. पहिल्यांत मागे टीव्हीचा आवाज आणि लांबलांब थांबे. सप्टेंबरच्या सुमारास थांबे विरामचिन्हांवर यायला लागले.

आणि मग तो निर्णय, ज्याबद्दल तो मला अजून टोमणे मारतो. २०२१ च्या परीक्षेला उरलेले विषय द्यायचे का? २०१८ च्या घाईने पोळलेली मी ठामपणे म्हणाले, थांब, वाचन पक्कं होऊ दे, पुढच्या वर्षी बस. तो तयार होता, मी अडवलं. २० एप्रिल २०२१ ला सरकारने दहावीची परीक्षाच रद्द केली. ज्यांनी फॉर्म भरले होते त्यांचं अंतर्गत मूल्यमापन झालं. १६ जुलैला राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. आमच्या केंद्रातली दोन मुलं, बारक्यापेक्षा निम्मं वाचणारी, परीक्षेला न बसता पास झाली. त्या संध्याकाळी त्याचा संदेश आला : “ताई, तुमच्या नादात मी शिकत बसलो.”

परिणाम

मार्च २०२२ मध्ये तो परीक्षेला बसला. त्या वर्षी अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी होता आणि ऐंशी गुणांच्या पेपरला अर्धा तास जास्त. हा अर्धा तास त्याला देवासारखा धावून आला, कारण तो अजूनही हळूच वाचतो. १७ जूनला निकाल लागला. सगळे विषय सुटले, मराठीत सत्तेचाळीस. त्याच वर्षी आयटीआयला वायरमनच्या दोन वर्षांच्या ट्रेडला प्रवेश मिळाला. संध्याकाळी तो एका कंत्राटदाराच्या हाताखाली काम करायचा. २०२४ मध्ये ट्रेड पूर्ण झाला.

मधल्या काळात सगळं सरळ गेलं असं नाही. आयटीआयच्या पहिल्या वर्षी हजेरी घसरली, एकदा मारामारीत हात मोडून घेतला. जुन्या मुलांपैकी एक आज तुरुंगात आहे. बारक्या त्या मुलाच्या आईला अधूनमधून भेटून येतो, ते मी त्याला थांबवत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

२०१८ चा फॉर्म भरायला नको होता, हे उघड आहे. त्याहून जास्त मला हे सलतं, की त्या अकरा गुणांमुळे तो जुन्या टोळीकडे परत गेला. आमच्या शिक्षणानेच ढकलल्यासारखा. नापास व्हायची त्याला नव्याने गरज नव्हती. परिवीक्षा अधिकाऱ्यांना मी स्वच्छ सांगायला हवं होतं की अहवालात ‘वाचन : दुसरीच्या पातळीचं, सहा महिन्यांत चौथीपर्यंत नेण्याचा प्रयत्न’ असं लिहूया. मंडळावर दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांना हे कळलं असतं. मी विचारलंच नाही.

२०२१ चं मी चूक मानत नाही, पण दुर्दैव म्हणून सोडूनही देत नाही. तो बसायला तयार होता. वय एकोणीस. त्याच्या परीक्षेचा निर्णय मी माझ्या जुन्या जखमेवरून घेतला.

फोनच्या बाबतीत आता पद्धत बदलली आहे. नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगते : तू सांगितलेलं बहुतेक माझ्यापाशी राहील. कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा नवा गुन्हा घडत असेल तर राहणार नाही, आणि तेव्हा मी आधी तुला सांगेन, मग साहेबांना. काही मुलं यानंतर कमी बोलतात. चालतं.

सुटकेनंतरच्या काळाचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावर आधार देण्याची सोय आहे, पण ती संस्थेत अठरा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यांसाठी. सोळाव्या वर्षी घरी गेलेल्या मुलासाठी, परिवीक्षा संपली की कोणाच्याच नावावर काम राहत नाही. बारक्याचं माझ्या नावावर राहिलं, कारण केंद्र त्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. त्याच्या बरोबरीने सुटलेल्या इतर मुलांचं काय झालं, हे मला सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी त्याने एका कंपनीत देखभाल विभागातल्या जागेसाठी अर्ज केला. फॉर्ममध्ये रकाना : ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का?’ फोन आला, “ताई, काय लिहू?” या वेळी मी स्वतःच्या मनाने उत्तर दिलं नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी बाल न्याय कायद्याचं कलम २४ दाखवलं : बालपणीच्या प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही, नोंदीही ठरावीक काळानंतर नष्ट करायच्या असतात. कलम ७४ नुसार निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य दाखल्यात द्यायची नसते. नोकरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या एका निकालात हीच बाजू घेतली आहे. त्यांच्या सल्ल्याने बारक्याने ‘नाही’ लिहिलं.

त्याच्या खालचा रकाना होता ‘शिक्षणात खंड असल्यास कारण’. तो त्याने कोणाला न विचारता भरला आणि फॉर्मचा फोटो मला पाठवला. ‘आर्थीक अडचण’. वेलांटी चुकली होती. रफार जागेवर होता.